ई-मेलच्या चोराचा माग कुठवर लागतो?

घराचे कुलूप तुटले तर ते सकाळी उठल्याबरोबर दिसते. ई-मेल खात्याचे कुलूप तुटल्याचे मात्र कित्येकदा महिनोन्महिने कळत नाही, कारण आतून काहीच नाहीसे झालेले नसते. पत्रे जागच्या जागी असतात. ती आणखी कोणीतरी वाचलेली असतात, इतकेच. मग एखाद्या दिवशी बँकेचे संदेश येईनासे होतात, प्रवेश अर्जातील पसंतीक्रम आपण भरला त्याहून निराळा दिसतो, किंवा भावकीच्या वादात समोरचा माणूस आपल्याच पत्रातील वाक्ये बोलून दाखवतो. त्या क्षणी खातेदाराच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो, हे केले कोणी?

लातूर-बार्शी रस्त्यावरील मुरुडसारख्या बाजारपेठेच्या गावात हा प्रश्न पंचवीस वर्षांपूर्वी क्वचितच कोणाला पडला असता. आज वैद्यकीय वा अभियांत्रिकी प्रवेशाचा अर्ज, रेल्वेचे तिकीट, प्राप्तिकराचे विवरणपत्र, पुण्या-मुंबईत नोकरीस लागलेल्या मुलाचे नियुक्तिपत्र, हे सारे कोणत्या ना कोणत्या ई-मेल पत्त्याला बांधलेले आहे. इतर खात्यांचे हरवलेले पासवर्डही याच पत्त्यावर परत मिळतात. म्हणजे ई-मेलचा पासवर्ड ज्याच्या हाती गेला, त्याच्या हाती घरातील बाकीच्या चाव्यांचा जुडगाच गेला.

चोर कोण, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा मिळू शकते. मात्र ते मिळते त्या स्वरूपाची तक्रारदाराला कल्पना नसते. तांत्रिक तपासाने माग लागतो तो एका इंटरनेट जोडणीचा. त्या जोडणीपाशी त्या वेळी कोण बसले होते, हे शोधण्याचे काम तेथून पुढे सुरू होते आणि ते बरेचसे जुन्याच पद्धतीचे असते. ही शेवटची पायरी गाळल्यामुळे काय अनर्थ होतो, याची दोन ठळक उदाहरणे महाराष्ट्रातच घडलेली आहेत.

शिवेपासून शिवेपर्यंत

पेशवाई बुडाल्यानंतर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ साली नव्याने जिंकलेल्या मुलखाविषयी सरकारला जो अहवाल सादर केला, त्यात गावच्या जागल्याच्या कामाचे वर्णन आहे. चोरी झाली की जागल्याने चोराची पावले ओळखून माग काढत जायचे. माग शेजारच्या गावात शिरल्याचे तेथील जागल्याला पटवून दिले की याची जबाबदारी संपली. पुढचा माग त्याने काढायचा. ज्या गावापर्यंत माग स्पष्टपणे लागला आणि पुढे गेला नाही, त्या गावाने चोरीची भरपाई द्यायची.

ई-मेलच्या चोराचा माग आजही जवळपास असाच, एका शिवेपासून दुसऱ्या शिवेपर्यंत काढला जातो. पहिले गाव म्हणजे ई-मेल सेवा देणारी कंपनी. खात्यात कोणत्या दिवशी, कोणत्या क्षणी, कोणत्या आयपी अ‍ॅड्रेसवरून प्रवेश झाला, याची नोंद तिच्या सर्व्हरवर असते. दुसरे गाव म्हणजे इंटरनेट सेवा पुरवठादार. तो आयपी अ‍ॅड्रेस त्या क्षणी आपल्या कोणत्या ग्राहकाला दिला होता, हे केवळ तोच सांगू शकतो. तिसरे गाव म्हणजे ते घर, ते कार्यालय, ते महाविद्यालय किंवा तो सायबर कॅफे, जेथे ती जोडणी पोहोचते. प्रत्येक गावाची नोंदवही वेगळी, ती जपून ठेवण्याची मुदत वेगळी आणि ती दाखविण्याचे नियमही वेगळे. जुन्या व्यवस्थेपेक्षा एक फरक मोठा आहे. येथे शेवटच्या गावावर आपोआप भरपाई बसत नाही, आणि बसूही नये.

खात्याच्या आतल्या खुणा

पहिल्या नोंदवहीतील काही पाने खातेदाराला स्वतःलाच वाचता येतात. जीमेलने २००८ च्या जुलैमध्ये अशी सोय प्रथम दिली. संगणकावर जीमेल उघडले की पानाच्या अगदी तळाशी, उजवीकडे, खात्यातील शेवटच्या हालचालीची वेळ दिसते आणि त्याखालील तपशील उघडला की अलीकडच्या काही प्रवेशांची यादी समोर येते. ब्राउझरमधून की मोबाइलमधून, कोणत्या आयपी अ‍ॅड्रेसवरून आणि किती वाजता, हे त्यात असते. मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये ही यादी या रूपात दिसत नाही, त्यामुळे लाखो लोकांनी ती कधी पाहिलेलीच नाही. गूगल खात्याच्या सुरक्षाविषयक पानावर कोणकोणत्या उपकरणांवर खाते उघडे आहे, हेही पाहता येते. इतर मोठ्या ई-मेल सेवांतही अशी सोय आता आहे.

ही यादी वाचताना एक गफलत फार जणांची होते. मुरुडच्या माणसाला आपल्या खात्यात ‘मुंबई’ किंवा ‘पुणे’ येथून प्रवेश झाल्याचे दिसते आणि धाबे दणाणते. प्रत्यक्षात तो त्याच्याच मोबाइलचा प्रवेश असू शकतो. मोबाइल कंपनीची वाहतूक मोठ्या शहरातील केंद्रातून बाहेर पडते, त्यामुळे नोंदीत ग्राहकाच्या गावाऐवजी त्या केंद्राचे शहर दिसते. आयपी अ‍ॅड्रेसवरून गाव सांगणारी जी संकेतस्थळे आहेत, तीही हाच अंदाज बांधतात. ठिकाणापेक्षा वेळ पाहणे अधिक शहाणपणाचे. पहाटे तीन वाजता आपण झोपलेलो असताना, आपल्याकडे नसलेल्या प्रकारच्या उपकरणातून प्रवेश झाला असेल, तर ती खरी खूण.

घुसखोर कोणत्या जातकुळीचा आहे, याचाही अंदाज खात्याच्या आतूनच येतो. याहू कंपनीतून २०१३ साली झालेल्या चोरीत तिची सर्वच्या सर्व, म्हणजे सुमारे तीन अब्ज खाती सापडली होती, हे कंपनीने २०१७ मध्ये मान्य केले. अशा चोऱ्यांतील पासवर्डच्या याद्या जगभर फिरत असतात आणि तोच पासवर्ड दुसरीकडे चालतो का, हे यंत्रांकरवी तपासले जाते. असा परका चोर घाईत असतो. तो ओळखीच्या सर्वांना जाहिरातीची वा पैशांच्या मागणीची पत्रे पाठवतो, पासवर्ड बदलतो आणि खातेदाराला बाहेर काढतो. ओळखीचा माणूस असे काही करीत नाही. त्याला गवगवा नको असतो. तो पत्रे वाचतो आणि वाचलेले पत्र पुन्हा ‘न वाचलेले’ करून ठेवतो. किंवा त्याहूनही सोपे म्हणजे, प्रत्येक येणाऱ्या पत्राची प्रत परस्पर दुसऱ्या पत्त्यावर जावी, अशी मांडणी एकदाच करून ठेवतो. मग पासवर्ड बदलला तरी पत्रे पाझरतच राहतात. म्हणून खात्याच्या मांडणीतील पत्रे पुढे पाठविण्याचा पत्ता, गाळण्या, पासवर्ड परत मिळविण्यासाठी दिलेला मोबाइल क्रमांक आणि ज्या बाहेरच्या अ‍ॅपना खाते वाचण्याची परवानगी दिली आहे त्यांची यादी, या जागा आधी पाहाव्या लागतात. प्रती ज्या पत्त्यावर जात आहेत, तो पत्ता हाच कित्येकदा तपासातील सर्वांत मोठा धागा ठरतो.

येथेच तक्रारदार स्वतःचा पुरावा स्वतः नष्ट करतो. घुसखोरीची शंका येताच तो पासवर्ड बदलतो, अनोळखी पत्ता पुसतो, सगळीकडून खाते बंद करतो आणि वर मोबाइलही कोरा करून घेतो. खाते वाचते, पण माग पुसला जातो. क्रम उलट हवा. आधी प्रत्येक पानाचे, तारीख-वेळ दिसेल असे चित्र घ्यावे, शक्य तर कागदावर छापून घ्यावे, आणि मगच कुलूप बदलावे. बँकेचे पैसे धोक्यात असतील तर अर्थातच आधी कुलूप.

आकड्यामागचा माणूस

आयपी अ‍ॅड्रेस हाती आला म्हणजे चोर सापडला, अशी समजूत चित्रपटांनी करून दिली आहे. ऑगस्ट २००७ च्या अखेरीस पुणे पोलिसांनी बंगळूरमधील एका तरुण संगणक अभियंत्याला अटक केली. ऑर्कुट या तेव्हाच्या लोकप्रिय संकेतस्थळावर छत्रपती शिवाजी महाराजांची विटंबना करणारे चित्र टाकल्याचा आरोप होता. गूगलकडून आयपी अ‍ॅड्रेस मिळाला, इंटरनेट कंपनीकडून ग्राहकाचे नाव मिळाले आणि पोलीस त्याच्या दारात गेले. तो अ‍ॅड्रेस त्याचा नव्हताच. कंपनीने चुकीच्या ग्राहकाचे नाव कळविले होते. हे उघड होऊन सुटका होईपर्यंत त्या तरुणाचे सुमारे पन्नास दिवस येरवडा कारागृहात गेले.

अशी चूक कशी होऊ शकते, हे समजून घेण्यासारखे आहे. घरगुती ग्राहकाला मिळणारा आयपी अ‍ॅड्रेस बहुधा कायमचा नसतो. आज एकाकडे असलेला आकडा उद्या दुसऱ्याकडे जातो. त्यामुळे आकड्याइतकीच वेळही नेमकी लागते. परदेशी कंपन्यांच्या नोंदी साधारणपणे जागतिक प्रमाण वेळेत असतात आणि भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. नोंदीतील १४ तारखेचे १८ वाजून ४५ मिनिटे म्हणजे आपल्याकडे १५ तारखेच्या मध्यरात्रीनंतरची १२ वाजून १५ मिनिटे. तारीखच बदलली! पत्रव्यवहारात ही वेळ कोणत्या पद्धतीची, हे लिहावयाचे राहून गेले की भलत्याच ग्राहकाचे नाव पुढे येते, आणि ते कागदोपत्री अगदी बिनचूक दिसते.

मोबाइल इंटरनेटने ही गुंतागुंत आणखी वाढविली. जुन्या पद्धतीचे आयपी अ‍ॅड्रेस जगभरातच अपुरे पडत असल्याने मोबाइल कंपन्या एकच अ‍ॅड्रेस एकाच वेळी शेकडो ग्राहकांत वाटून देतात. अशा वेळी केवळ आकडा आणि मिनिट सांगून भागत नाही. सेकंदापर्यंतची वेळ आणि त्या जोडणीचा ‘पोर्ट’ क्रमांकही द्यावा लागतो. ई-मेल कंपनीच्या नोंदीत तो क्रमांकच नसेल, तर मोबाइल कंपनी शेकडो नावांची यादी हाती देते. नव्या, लांबलचक आयपी अ‍ॅड्रेसची पद्धत आता भारतातील मोबाइल जाळ्यांवर मोठ्या प्रमाणावर रुळली असल्याने ही अडचण काही अंशी कमी झाली आहे.

दुसरे उदाहरण २००८ चे. २६ जुलै रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले, त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल पोहोचला होता. त्याचा माग नवी मुंबईतील सानपाडा येथे एका अमेरिकन नागरिकाच्या सदनिकेपर्यंत लागला. आयपी अ‍ॅड्रेस खरा होता, ग्राहकाचे नावही बरोबर होते. पण त्या घरातील वाय-फायला पासवर्ड नव्हता आणि इमारतीजवळ उभे राहून कोणालाही ते वापरता येत होते. पुढच्या काही आठवड्यांत असेच ई-मेल माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयाच्या आणि चेंबूरच्या एका कंपनीच्या वाय-फायवरून गेले, तेव्हा ही पद्धत स्पष्ट झाली. पहिल्या प्रकरणात माग मध्येच चुकला होता. दुसऱ्यात तो अचूक लागूनही चोर सापडला नव्हता.

चोराने स्वतःची जागा लपविली तर? तशी सेवा देणारी अनेक संकेतस्थळे आहेत. खरी जागा दडवून ती आपली जागा पुढे करतात. पण लपविणाराही माणूसच असतो. सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेत उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांचे याहू खाते कोणीतरी उघडले. त्यासाठी त्याला कोणतेही अवघड तंत्र वापरावे लागले नाही. ‘पासवर्ड विसरलो’ असे सांगून, जन्मतारीख, पोस्टाचा पिनकोड आणि पतीची पहिली भेट कोठे झाली, या प्रश्नांची उत्तरे त्याने जाहीर माहितीवरून दिली. जागा लपविणारी सेवा त्याने वापरली होती. मात्र फुशारकी मारण्यासाठी प्रसिद्ध केलेल्या पडद्याच्या चित्रात त्या सेवेचा पत्ता ब्राउझरच्या पट्टीत तसाच राहिला. सेवेच्या मालकाने नोंदी जपून तपास यंत्रणेला दिल्या आणि माग टेनेसी राज्यातील एका वीस वर्षीय विद्यार्थ्यापर्यंत गेला. २०१० मध्ये तो दोषी ठरला. संगणकातील पुरावा पुसण्याचा प्रयत्न हा त्यातील अधिक गंभीर ठरलेला गुन्हा होता. एक वर्ष एक दिवसाची शिक्षा झाली.

आपल्याकडे त्या काळी विचारला जाणारा नेहमीचा गुप्त प्रश्न होता, आईचे माहेरचे आडनाव. गावात ते कोणाला ठाऊक नसते?

घरभेदी

ही गोष्ट फारशी बोलली जात नाही, पण खासगी ई-मेलच्या बाबतीत माग पुष्कळदा घराच्या आसपासच येऊन थांबतो. वाटणीवरून बिनसलेला भाऊ, भागीदारी मोडलेला मित्र, नोकरी सोडलेला लेखनिक, दुरावलेला जोडीदार. यांना पासवर्ड फोडावा लागत नाही. तो त्यांना कधीतरी विश्वासाने सांगितलेला असतो.

राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे आलेले एक प्रकरण या दृष्टीने बोलके आहे. वैवाहिक वादात सुनेने पती आणि सासरे यांच्या ई-मेल खात्यांत त्यांच्या संमतीशिवाय प्रवेश करून तेथील पत्रे व संभाषणे हुंड्यासंबंधीच्या तक्रारीत पुरावा म्हणून दिली, असे सासऱ्यांचे म्हणणे होते. माहिती तंत्रज्ञान कायद्यानुसार न्यायनिर्णय अधिकारी म्हणून सचिवांनी ऑक्टोबर २०११ मध्ये निकाल दिला. पतीच्या खात्यातही परवानगीविना शिरणे हा कायद्याचा भंगच ठरतो, हे त्यांनी स्पष्ट केले. मात्र ही माहिती तिने पोलीस आणि न्यायालय यांखेरीज कोणालाही दिली नव्हती, हेही लक्षात घेतले. सासरच्यांना भरपाई मिळाली नाही. सुनेने नाममात्र शंभर रुपये राज्याच्या तिजोरीत भरावेत, असा आदेश झाला. रक्कम किरकोळ वाटेल. पण नवरा-बायकोत कसली आली परवानगी, असे मानणाऱ्या समाजात तिचा अर्थ किरकोळ नाही.

मुरुडसारख्या गावांत आणखी एक प्रकार आढळतो, ज्याला चोरी म्हणावे की नाही असा प्रश्न पडतो. ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या केंद्रात शेतकरी किंवा विद्यार्थी जातो. अर्जासाठी ई-मेल हवा असतो आणि तो नसतो. केंद्रचालक दोन मिनिटांत खाते उघडून देतो, पासवर्ड स्वतःच ठरवितो, कधी स्वतःचाच मोबाइल क्रमांक त्याला जोडतो. त्यात बहुधा सोयीखेरीज दुसरा हेतू नसतो. परंतु पुढे त्या खात्यात काही गडबड झाली, तर ‘परवानगीविना प्रवेश’ सिद्ध करणे फार कठीण जाते, कारण पहिला प्रवेश परवानगीनेच झालेला असतो आणि नोंदींत केंद्राचा आयपी अ‍ॅड्रेस पहिल्या दिवसापासून हजर असतो. असे खाते ज्याच्या नावावर आहे, त्याने आजच आपला क्रमांक जोडून पासवर्ड बदलणे हे कोणत्याही तपासापेक्षा स्वस्त पडेल.

जोडणीपासून माणसापर्यंतची शेवटची पायरी पोलीस चढतात ती अशा ओळखीच्या वर्तुळातूनच. त्या वेळी घरात कोण होते, कॅफेच्या नोंदवहीत कोणाचे नाव आहे, संशयिताच्या संगणकात वा मोबाइलमध्ये त्या खात्याच्या खुणा उरल्या आहेत का, आणि या माहितीचा फायदा कोणाला झाला? सायबर कॅफेंसाठी २०११ साली केलेल्या नियमांनी ग्राहकाचे ओळखपत्र पाहणे आणि वापराची नोंद किमान एक वर्ष ठेवणे बंधनकारक केले. पण कॅफेच आता मोजके उरले आहेत.

स्वतः सापळा लावू नये

संशय बळावला की काही जण स्वतःच शोध लावू पाहतात. पूर्वी एक युक्ती प्रसिद्ध होती. खात्यात एक मोहात पाडणारे पत्र ठेवायचे, त्यात आपल्या सर्व्हरवरील एक अदृश्य चित्र जोडायचे; चोराने ते पत्र उघडले की त्याचा आयपी अ‍ॅड्रेस आपल्याकडे नोंदला जाई. डिसेंबर २०१३ पासून जीमेल अशी चित्रे स्वतःच्या सर्व्हरमार्फत दाखवू लागले आणि ही युक्ती तेथे निकामी झाली. नोंद होते ती गूगलच्याच अ‍ॅड्रेसची. काही जण याच्याही पुढे जाऊन संशयिताच्या संगणकात हेरगिरीचे सॉफ्टवेअर टाकतात. मग तक्रारदार आणि आरोपी दोघेही एकाच कलमाखाली येतात.

पैसे घेऊन ‘चोराचे नाव काढून देतो’ म्हणणारेही भेटतात. ई-मेल कंपनी किंवा इंटरनेट कंपनी आपल्या नोंदी खासगी व्यक्तीला देत नाही. त्यामुळे अशा माणसाकडे एक तर सांगण्यासारखे काही नसते, किंवा जे असते ते चोरीचे असते.

तक्रारीचे दोन रस्ते

पहिला रस्ता पोलिसांचा. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली आला, तेव्हा त्यातील ‘हॅकिंग’च्या व्याख्येत माहिती नष्ट करणे, बदलणे वा तिला बाधा आणणे अपेक्षित होते, दुसऱ्याची पत्रे नुसती वाचणाऱ्याला त्यात ओढणे अवघड जाई. २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने हे बदलले. आता कलम ४३ मध्ये सांगितलेले कृत्य, म्हणजे मालकाच्या परवानगीविना संगणकात वा खात्यात शिरणे, हे अप्रामाणिकपणे वा कपटाने केले असेल तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरल्यास कलम ६६ सी स्वतंत्रपणे लागू होते. तपास निरीक्षक वा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्याने करावयाचा असतो. तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात देता येते. राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावरही ती नोंदविता येते, आणि पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर तत्काळ दूरध्वनी करावा. जिल्ह्यांच्या ठिकाणी सायबर प्रयोगशाळा उभारण्याचे काम राज्याने २०१६ साली हाती घेतले, त्यामुळे प्रत्येक संगणकासाठी मुंबई-पुण्याकडे पाहण्याची वेळ उरलेली नाही.

पोलीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली कंपन्यांकडे नोंदी मागतात. खातेदाराचा तपशील आणि प्रवेशाच्या नोंदी परदेशी कंपन्या सहसा अशा मागणीवर देतात. पत्रांचा मजकूर हवा असेल तर मात्र दोन देशांतील कायदेशीर साहाय्याच्या कराराचा लांबचा रस्ता धरावा लागतो. भारत आणि अमेरिका यांच्यातील असा करार २००५ पासून अंमलात आहे. सुदैवाने घुसखोराचा माग काढण्यास मजकुराची गरज क्वचितच पडते, आणि स्वतःच्या खात्यातील मजकूर तर खातेदार स्वतःच देऊ शकतो.

दुसरा रस्ता भरपाईचा, आणि तो फार थोड्यांना ठाऊक आहे. वर उल्लेखिलेल्या न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे, म्हणजे राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांकडे, पाच कोटी रुपयांपर्यंतच्या भरपाईचा दावा करता येतो. त्यावरील अपील २०१७ पासून दिल्लीच्या दूरसंचार लवादाकडे जाते.

दोन्ही रस्त्यांवर एका कागदाचे महत्त्व मोठे आहे आणि त्याचा निर्णायक निवाडा मराठवाड्यातल्याच एका वादात झाला. जालना विधानसभा मतदारसंघातील २०१४ च्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीनंतर घेतले गेले का, हे निवडणूक कार्यालयातील ध्वनिचित्रमुद्रणावरून ठरवायचे होते, आणि त्या मुद्रणासोबत प्रमाणपत्र नव्हते. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मूळ उपकरणच न्यायालयात हजर केले नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र अनिवार्य आहे. ते संबंधित अधिकारी देत नसेल तर न्यायालयाकडे अर्ज करून मागविता येते. जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे आणि प्रमाणपत्रावर तज्ज्ञाची सहीही लागते. नुसते मोबाइलमध्ये टिपलेले चित्र पोलिसांना दिशा दाखवील. खटल्यात तेवढ्याने भागेलच असे नाही. म्हणून ज्या उपकरणावर ते टिपले, ते जपून ठेवणे आवश्यक.

राहता राहिली मुदत. दूरसंचार विभागाने डिसेंबर २०२१ मध्ये परवान्याच्या अटी बदलून कंपन्यांना वापराच्या नोंदी किमान दोन वर्षे ठेवण्यास सांगितले. केंद्राच्या संगणक सुरक्षा यंत्रणेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या निर्देशांनुसार सेवा देणाऱ्या कंपन्यांनी आपल्या यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपायच्या आहेत. म्हणजे मागाच्या साखळीत सर्वांत लवकर विझणारी कडी सुमारे सहा महिन्यांची आहे. भावकीत चर्चा, समजुतीच्या बैठका, ‘घरातलाच आहे, जाऊ द्या’, यांत सात-आठ महिने घालवून मग तक्रार दिली गेली, तर पोलिसांचे पत्र योग्य कंपनीकडे योग्य वेळेसह पोहोचेल आणि उत्तर येईल की, सदर कालावधीची नोंद उपलब्ध नाही.